आईची पुस्तके, वडिलांची पुस्तके

१५ ऑक्टोबर हा आविलाच्या संत तेरेजाचा सण. मुलांनी काय वाचावे आणि काय वाचू नये, हा प्रश्न आपल्यात निघाला की या संत स्त्रीच्या आत्मचरित्रातील एका प्रकरणाचा दाखला अनेकदा दिला जातो. लहानपणी ती शूर सरदारांच्या अद्भुत कथांच्या नादी लागली, त्यामुळे तिची भक्ती थंडावली आणि पुढे याचा तिला मोठा पश्चात्ताप झाला, असा तो दाखला. त्यातून निघणारा बोध सरळ आहे : मुलांच्या हाती गोष्टींची पुस्तके देऊ नयेत, द्यायचीच तर संतचरित्रे द्यावीत.

हा बोध त्या प्रकरणातून खरोखर निघतो काय? प्रस्तुत लेखात आम्ही ते आत्मचरित्र भक्तिग्रंथ म्हणून नव्हे, तर एका वाचकाच्या जडणघडणीचा वृत्तांत म्हणून तपासणार आहोत. आमच्या मते वाचनाची आवड कशी उगवते, कशी वाढते आणि कशाने खुरटते, याचे इतके प्रामाणिक वर्णन ख्रिस्ती साहित्यात फार थोड्या ठिकाणी सापडेल. मात्र ते नीट वाचले, तर त्यातून रूढ बोधापेक्षा वेगळाच बोध हाती येतो.

प्रथम ग्रंथाविषयी थोडे. संत तेरेजा यांनी आपले आत्मचरित्र स्वतःच्या हौसेने लिहिले नाही. त्यांचे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी आज्ञा केली, म्हणून लिहिले. पहिला खर्डा १५६२ साली पूर्ण झाला. आज उपलब्ध असलेला विस्तृत मजकूर १५६५ सालचा. तो छापला गेला १५८८ मध्ये, म्हणजे लेखिकेच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, सालामांका येथे. संपादक होते कवी व पंडित फ्राय लुईस दे लेओन. धर्मगुरूंना सादर करावयाचे निवेदन असल्यामुळे त्याचा सूर पुष्कळ ठिकाणी स्वतःवर आरोप ठेवण्याचा आहे. पापनिवेदन करणारा मनुष्य आपल्या चुका भिंगातून पाहतो. तसे पाहणे त्याचे कर्तव्यच असते. परंतु वाचणाऱ्याने लेखिकेचा स्वतःविषयीचा निवाडा आणि तिने मांडलेला पुरावा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. या ग्रंथात निवाडा कडक आहे आणि पुरावा मात्र फार उदार आहे.

तेरेजाचा जन्म १५१५ साली स्पेनमधील आविला येथे झाला. स्पेनमध्ये छपाईची कला येऊन तेव्हा पन्नास वर्षेही झाली नव्हती. छापील पुस्तक घरात असणे ही नवलाईची गोष्ट होती. अशा काळात आत्मचरित्राच्या अगदी पहिल्याच परिच्छेदात तेरेजा आपल्या वडिलांविषयी, दोन आलोन्सो यांच्याविषयी, काय सांगतात ते पाहा. वडिलांना चांगली पुस्तके वाचण्याची आवड होती, आणि मुलांना वाचता यावीत म्हणून त्यांनी ती लॅटिनऐवजी रोजच्या बोलण्यातील कॅस्टिलियन भाषेतील घेऊन ठेवली होती. लेखिकेला आपल्या पितृगृहाची पहिली खूण म्हणून आठवते ती पुस्तके ! आणि तीही मातृभाषेतील. एका संताच्या चरित्राचा आरंभ असा व्हावा, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

या पुस्तकांतील संतचरित्रे तेरेजा आपल्या जवळपास वयाच्या रोद्रिगो या भावाबरोबर वाचत असे. रक्तसाक्ष्यांच्या कथा वाचून दोघांच्या मनात आले की, या मंडळींना स्वर्ग फारच स्वस्तात मिळाला. मग आपणही मूर लोकांच्या देशी जावे, वाटेत भिक्षा मागावी आणि तेथे आपला शिरच्छेद होऊ द्यावा. आईवडील आहेत हीच काय ती मोठी अडचण, असे लेखिका मिस्कीलपणे नोंदवतात. हा बेत फसल्यावर दोघांनी घराच्या बागेत दगडांवर दगड रचून तपस्व्यांच्या कुट्या बांधायला घेतल्या. त्या लगेच कोसळत.

या प्रसंगाकडे बहुधा संतत्वाचा अंकुर म्हणून पाहिले जाते. तसा तो असेलही. पण वाचनाच्या दृष्टीने त्यात दोन गोष्टी दिसतात. एक, मूल एकटे वाचू लागत नाही. ते कोणाच्या तरी शेजारी बसून वाचू लागते. दुसरी, मुलाचे वाचन पुस्तक मिटल्यावर संपत नाही. ते खेळात उतरते. नाताळच्या गोठ्यासाठी गवत आणि माती गोळा करणारी आपली मुले बेथलेहेमची कथा हातांनी पुन्हा वाचतच असतात. ज्या वाचनाचा खेळ होत नाही, ते वाचन त्या वयात मनात फार दिवस टिकत नाही.

आता त्या वादग्रस्त दुसऱ्या प्रकरणाकडे वळू. तेरेजाच्या आईला, दोन्या बेआत्रीस यांना, शूर सरदारांच्या कथांची आवड होती. हा प्रकार त्या काळी स्पेनभर लोकप्रिय होता. त्यातील सर्वांत गाजलेला ग्रंथ ‘आमादीस दे गाउला’ १५०८ साली सारागोसा येथे छापला गेला होता. राक्षस, जादूगार, तुरुंगात पडलेल्या राजकन्या आणि त्यांच्यासाठी प्राण पणाला लावणारे वीर यांनी ही पुस्तके भरलेली असत. वडिलांना ती मुळीच पसंत नव्हती. म्हणून आई आणि मुले त्यांच्या नजरेआड ती वाचत. पुढे तेरेजाला या वाचनाचा इतका नाद लागला की, दिवसाचे आणि रात्रीचे कितीतरी तास त्यात जाऊ लागले. हाती नवे पुस्तक नसले तर तिला चैन पडेना. या कथांमुळे आपल्या चांगल्या इच्छा थंडावल्या, असे त्या लिहितात.

येथवरचा भाग सर्वांना ठाऊक असतो. मात्र दाखला देताना जे वगळले जाते तेच आमच्या मते या प्रकरणाचे मर्म आहे. आईवर ठपका ठेवता ठेवता लेखिका मध्येच थांबतात आणि आईची बाजू मांडतात. आईने या करमणुकीपायी आपली कामे कधी टाकली नाहीत. तिच्या वाट्याला मोठी दुःखे होती, ती विसरण्यासाठी ती वाचत असावी. शिवाय मुले याहून वाईट गोष्टींत गुंतू नयेत म्हणून ती त्यांना वाचनात गुंतवीत असावी, असे त्या सांगतात. लहान वयात लग्न झालेली, प्रकृतीने नाजूक, सावत्र मुले धरून बारा मुलांचे घर सांभाळणारी ही बाई वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास वारली. तेव्हा तेरेजा बारा-तेरा वर्षांची होती. शोकाने व्याकूळ होऊन ती पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे गेली आणि आता तूच माझी आई हो, अशी तिने रडत विनवणी केली, हे पहिल्या प्रकरणाच्या अखेरीस आलेच आहे. अशा आईने मुलीला दिलेला एक खाजगी ठेवा म्हणजे ती पुस्तके होत. मुलगी त्या पुस्तकांना दोष देते, पण ती देणाऱ्या हातांना दोष देणे तिला जमत नाही. या ओढाताणीत जे लिहिले गेले आहे, ते केवळ उपदेश म्हणून वाचणे म्हणजे एका जिवंत पानावर अन्याय करणे होय.

मग ते तास खरोखर वाया गेले काय? लेखिकेच्या मताचा पूर्ण आदर राखून आम्ही म्हणू की, नाही. याचा पहिला पुरावा त्याच प्रकरणात आहे. पुस्तकांविषयीचा मजकूर थोडक्यात आटोपतो. त्याहून कितीतरी अधिक जागा घरी येणाऱ्या एका थिल्लर नातेवाईक मुलीच्या संगतीला दिली आहे, आणि आईवडिलांनी मुलांच्या सोबत्यांविषयी सावध असावे, हा कळकळीचा इशाराही तेथेच येतो. नुकसान कोणी अधिक केले, हे त्या मजकुराच्या मापावरूनच कळते.

दुसरा पुरावा चरित्रकार फ्रान्सिस्को दे रिबेरा या येशूसंघीय धर्मगुरूंचा. १५९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ते सांगतात की, तेरेजा आणि रोद्रिगो यांनी मिळून अशीच एक सरदारकथा रचली होती. बागेत दगडांच्या कुट्या बांधणारी तीच दोन भावंडे येथे शब्दांचे बांधकाम करीत आहेत. वाचणारे मूल लिहू लागले, म्हणजे वाचनाला मूळ धरले असे समजावे.

तिसरा पुरावा त्यांच्या प्रौढ वयातील ग्रंथांचा. ‘अंतरीचा किल्ला’ हा त्यांचा सर्वश्रेष्ठ ग्रंथ १५७७ साली जून ते नोव्हेंबर या महिन्यांत लिहिला गेला. त्यात आत्मा हा स्फटिकाचा किल्ला आहे, त्यात सात प्रकारचे महाल आहेत, बाहेर विषारी जीव आहेत आणि अगदी आतल्या महालात राजा वसतो. ‘परिपूर्णतेचा मार्ग’ या ग्रंथात बुद्धिबळाचा पट येतो, लढाईत निशाण धरून उभा राहणारा निशाणदार येतो. किल्ल्याची कल्पना त्यांना नेमकी कशावरून सुचली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु बाल्यात ज्या मनाने सरदारांच्या किल्ल्यांतून रात्री जागवल्या, त्या मनाला प्रार्थनेचा प्रवास सांगताना किल्ला आठवावा, यात आम्हांस नवल वाटत नाही. आईच्या पुस्तकांनी चित्रे दिली; वडिलांच्या पुस्तकांनी त्या चित्रांना अर्थ दिला.

याचा अर्थ लेखिकेचा इशारा पोकळ आहे असा मात्र नव्हे. तो दोन ठिकाणी अगदी अचूक आहे. नवे पुस्तक मिळाल्याशिवाय चैन न पडणे, ही त्यांनी सांगितलेली अवस्था वाचनाची नसून नावीन्याच्या भुकेची आहे. आज मोबाइलवर एकामागून एक चित्रफिती सरकवणाऱ्या मुलामुलींना, आणि त्यांच्या आईवडिलांनाही, ही भूक ओळखीची वाटेल. दुसरी गोष्ट लपवाछपवीची. त्या घरात पुस्तकांमुळे दोन पक्ष पडले : एका बाजूस आई आणि मुले, दुसऱ्या बाजूस वडील. वडिलांनी ती पुस्तके मुलांबरोबर एकदा बसून वाचली असती आणि मग हसून किंवा रागावून आपले मत सांगितले असते, तर मुलीला चोरून वाचण्याची सवय लागली नसती. मनाईने वाचन थांबले नाही. ते फक्त वडिलांपासून तुटले.

वाचनाची गोडी पुढे कशी पालटली, हे तिसऱ्या आणि चौथ्या प्रकरणांत येते. आणि हा भाग आपल्याकडे जवळजवळ कोणी सांगत नाही. आजारपणानंतर तेरेजा आपल्या बहिणीकडे निघाली असता वाटेत ओर्तिगोसा या गावी पेद्रो या काकांकडे काही दिवस राहिली. काका विधुर होते, विरक्त होते. मातृभाषेतील आध्यात्मिक पुस्तके ते तिला मोठ्याने वाचून दाखवायला सांगत. तिला ती पुस्तके आवडत नव्हती. पण काकांचे मन मोडू नये म्हणून आवडत असल्याचे ती दाखवीत असे. या थोड्या दिवसांनीच तिच्या मनाची दिशा बदलली. त्यानंतर संत जेरोम यांच्या पत्रांच्या वाचनाने मठात जाण्याचा निर्णय वडिलांना सांगण्याचे धैर्य तिला आले. पुढे मठात गेल्यावर ती पुन्हा आजारी पडली, तेव्हा याच काकांनी फ्रान्सिस्को दे ओसुना यांचा १५२७ साली प्रसिद्ध झालेला प्रार्थनाविषयक ग्रंथ तिला दिला. त्याच्या नावाचा अर्थ ‘तिसरी आध्यात्मिक बाराखडी’. खरोखरच त्या ग्रंथातून तिने प्रार्थनेची मुळाक्षरे गिरवली.

या काकांनी काय केले, हे नीट पाहण्यासारखे आहे. त्यांनी पुतणीची जुनी पुस्तके हिसकावून घेतली नाहीत. त्यांनी तिला आपल्याजवळ बसवले, तिचा आवाज ऐकला आणि योग्य वेळी योग्य पुस्तक पुढे केले. वाचनाची अभिरुची आज्ञेने बदलत नाही, मायेने बदलते. याला इतिहासात आणखी एक जोड आहे. १५२१ साली पांप्लोना येथे जखमी झालेल्या संत इग्नासियस लोयोला यांनी अंथरुणावर पडल्या पडल्या अशाच सरदारकथा मागितल्या होत्या. त्या घरात नव्हत्या, म्हणून त्यांना ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे देण्यात आली. पुढे काय घडले हे आपण जाणतोच. त्यांचेच सहकारी संत फ्रान्सिस झेवियर आज गोव्यात विसावले आहेत. १२ मार्च १६२२ रोजी तेरेजा, इग्नासियस आणि झेवियर या तिघांनाही एकाच दिवशी संतपद घोषित झाले. कथांची भूक त्या पिढीला सारखीच होती. ज्यांना ती भूक होती, त्यांनाच पुढचे अन्नही पचले.

तेरेजा यांच्या वाचनाची खोली दोन ठिकाणी स्पष्ट दिसते. एक, त्या सांगतात की सुमारे अठरा वर्षे, पवित्र कम्युनियननंतरचा वेळ सोडला तर, हाती पुस्तक घेतल्यावाचून प्रार्थनेला बसण्याचे त्यांना धाडस होत नसे. पुस्तक त्यांना सोबत्यासारखे, ढालीसारखे वाटे. पुष्कळदा ते नुसते उघडले तरी पुरे होई. दुसरे, १५५९ साली स्पेनचे मुख्य इन्क्विझिटर फेर्नान्दो दे वाल्देस यांनी निषिद्ध ग्रंथांची यादी काढली आणि कॅस्टिलियनमधील अनेक आध्यात्मिक पुस्तके वाचण्यास बंदी झाली. पंडितांना लॅटिन येत असे. तेरेजा यांना येत नव्हते. तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. आपल्याला फार दुःख झाले, हे त्यांनी लपवले नाही. त्या दुःखात प्रभूने त्यांना धीर दिला आणि मी तुला एक जिवंत पुस्तक देईन, असे आश्वासन दिले.

प्रवचनांत आपण या जिवंत पुस्तकाकडे लगेच धाव घेतो आणि त्याआधीचे दुःख विसरतो. ते विसरू नये, असे आम्हांस वाटते. जिवंत पुस्तक ज्यांना मिळाले, त्यांनी छापील पुस्तके वाचून झिजवली होती. आणि ते मिळाल्यावरही त्यांनी छापील पुस्तकांना कमी लेखले नाही. आपल्या मठांसाठी केलेल्या नियमावलीत त्यांनी मठमातेला चांगली पुस्तके बाळगण्याची सूचना केली, काहींची नावेही दिली, आणि शरीराला अन्न तसे आत्म्याला हे पोषण आवश्यक आहे, असे कारण सांगितले. २७ सप्टेंबर १९७० रोजी पोप सहावे पॉल यांनी ज्या स्त्रीला चर्चची आचार्या म्हणून गौरवले, आणि हा मान मिळवणारी जी पहिली स्त्री ठरली, ती लॅटिन न येणारी, मातृभाषेत वाचून मोठी झालेली वाचक होती. निषिद्ध ग्रंथांची रोमची यादीही १९६६ साली इतिहासजमा झाली आहे.

मनाई आणि मातृभाषा हा विषय आपल्यालाही परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्याच्या आरंभीच एक प्रसंग आहे. आमची जुनी पुराणे वाचायला मनाई झाली, तर त्यांच्या जागी मन रमवायला दुसरे काही आम्हांला द्या, अशी मागणी साष्टीचे नवख्रिस्ती करतात. तिच्या उत्तरादाखल हे पुराण सांगितले जाते. आमच्या मते फादर स्टीफन्स यांचे मोठेपण येथेच आहे. नुसते काढून घेतल्याने पोकळी उरते, हे त्यांनी ओळखले आणि लोकांच्याच भाषेत, लोकांच्याच छंदात ती भरून काढली. याउलट २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. एका बाजूस देणारा धर्मगुरू, दुसऱ्या बाजूस काढून घेणारा हुकूम. वाचक कोणत्या वाटेने वाढतो, हे वेगळे सांगायला नको.

आज आपल्या घरांना असा हुकूम कोणी देत नाही. तो आपला आपणच देत असतो. मुले इंग्रजी शाळेत जातात, ते योग्यच आहे. पण घरात अभ्यासक्रमाबाहेरचे मराठी पुस्तक नसावे, असलेच तर ते मिस्साच्या पुस्तकाशेजारी धूळ खात असावे, आणि मूल वाचत नाही म्हणून त्यालाच बोल लावावा, हे चित्र बहुतेक धर्मग्रामांत दिसते. गोष्टीचे पुस्तक म्हणजे अभ्यासाचा शत्रू आणि धार्मिक पुस्तक म्हणजे शिस्तीचा धडा, अशी विभागणी झाली की मूल दोन्हींपासून दूर जाते.

आविलाच्या त्या घरात तीन माणसे होती आणि तिघांनी तीन गोष्टी केल्या. वडिलांनी मुलांच्या भाषेतील पुस्तके घेऊन ठेवली. आईने स्वतः वाचले आणि वाचताना मुलांना आपल्या कुशीत जागा दिली. काकांनी मोठ्याने वाचायला सांगून ऐकून घेतले. यांपैकी एकाचेच काम पुरे पडले असते, असे आम्हांस वाटत नाही. वडिलांचे पुस्तक आईच्या ओढीवाचून कपाटातच राहिले असते. आईची ओढ काकांच्या सोबतीवाचून सरदारांच्या किल्ल्यातच अडकली असती.

म्हणून पुढील वेळी संत तेरेजाचा दाखला द्यायचा झाला, तर तो पूर्ण द्यावा. मुलांच्या हातचे पुस्तक काढून घेण्याआधी त्यांच्याबरोबर त्याची चार पाने वाचावीत. आणि काढून घ्यायचेच झाले, तर साष्टीच्या त्या लोकांनी फादर स्टीफन्स यांना जे विचारले, ते आपल्या मुलांनीही विचारावे, आणि त्या वेळी आपल्या हाती द्यायला काहीतरी असावे.